छोट्या घरात कामाचं टेबल: टेप, खडू आणि लाल पेटी

घरून काम करायचं ठरलं की बहुतेक जण थेट फर्निचरच्या दुकानात जातात. टेबल आधी घरी येतं, ते कुठे ठेवायचं याचा विचार मग होतो आणि शेवटी ते बेडरूमच्या ज्या कोपऱ्यात दुसरं काहीच मावलं नाही तिथे जातं. वर्षभरात त्यावर इस्त्रीचे कपडे, शाळेची पत्रकं आणि दुरुस्तीला द्यायचं मिक्सरचं भांडं जमतं. ज्याच्यासाठी टेबल आणलं तो लॅपटॉप घेऊन पलंगावर मांडी घालून बसलेला असतो.

वन किंवा टू बीएचकेत राहून रोज सहा-आठ तास लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे कामासाठी स्वतंत्र खोली आहे त्यांनाही उपयोग होईल, पण त्यांची निम्मी अडचण आधीच सुटलेली आहे. माझा आग्रह एकच: टेबल अंगाच्या मापाने आणि हाताच्या सवयीने लावा. झाडाची कुंडी, पेनांचा देखणा स्टँड, भिंतीवरची तसबीर हे सगळं त्यानंतर. सुरुवातीला मोजायचा टेप, एक खडू, एक रिकामं खोकं आणि रविवारची सकाळ एवढं पुरतं.

पहिली पायरी: दोन दिवस नुसती नोंद

आवरायला लगेच सुरुवात करू नका. टेबल आहे तसं राहू द्या आणि शेजारी एक कोरा कागद ठेवा. कामातून उठून काही आणायला गेलात, किंवा ढिगातून काही शोधावं लागलं, की त्या वस्तूचं नाव लिहा. तीच वस्तू पुन्हा लागली तर नावापुढे रेघ मारा. चार्जर, चष्मा, पाण्याची बाटली, कॅल्क्युलेटर, आधारकार्डाची झेरॉक्स, जे असेल ते.

दोन दिवसांनी ज्या नावांपुढे जास्त रेघा असतील त्या वस्तू टेबलावर हव्यात. ज्या वस्तू टेबलावर असूनही यादीत आल्या नाहीत त्यांचा तिथला मुक्काम संपला. ही यादी दुसऱ्याची उसनी घेता येत नाही. जीएसटीची रिटर्न भरणाऱ्याला कॅल्क्युलेटर आणि व्हाउचरची फाईल हाताशी लागते. क्लास घेणाऱ्या बाईंना वह्यांचा गठ्ठा ठेवायला मोकळी जागा लागते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दुसरा मॉनिटर सोडून फारसं काहीच लागत नाही. इंटरनेटवर दिसणारी पांढरीशुभ्र टेबलं मला म्हणूनच पटत नाहीत. त्या फोटोंत कोणी काम करताना दिसत नाही.

दुसरी पायरी: जागा आणि उजेड

खिडकी बाजूला यावी, समोर किंवा पाठीमागे नको. पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चकाकी येते आणि व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा काळा दिसतो. समोर असेल तर उजळ आकाश आणि त्यामानाने मंद स्क्रीन यांत डोळे सतत जुळवून घेत राहतात आणि दुपारपर्यंत थकतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना खिडकी डावीकडे बरी, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट करावं.

उत्तरेची खिडकी मिळाली तर नशीब समजा. वर्षातला बहुतेक काळ त्या बाजूने थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा उजेड राहतो. मे ते जुलै सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो तेव्हा थोडं तिरकं ऊन येतं, पण जूनपासून बहुधा पावसाचे ढग आलेले असतात. पश्चिमेची खिडकी त्रासदायक. दुपारी तीननंतर तिथे जाड पडद्याशिवाय बसवत नाही. वास्तुशास्त्राप्रमाणे पूर्वेला तोंड करून बसायचं असेल तर बसा, फक्त त्यात उजेड बाजूने येतोय ना एवढं बघा. दोन्ही जमत नसेल तर मी उजेडाच्या बाजूने आहे.

संध्याकाळचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे ट्यूबलाइट बहुधा एकाच भिंतीवर असते आणि टेबल समोरच्या भिंतीला. म्हणजे उजेड पाठीवर आणि सावली वहीवर. यावर टेबललॅम्प हाच उपाय, तोही लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला. दिवा घेताना खोक्यावर ४००० केल्विनच्या आसपासचा आकडा बघा. तो उजेड पिवळाही नसतो आणि डोळ्यांत घुसणारा निळसर पांढराही नसतो.

पंखा विसरू नका. टेबल पंख्याच्या थेट खाली असेल तर मार्च ते जून सगळे कागद पेपरवेटखाली ठेवावे लागतील.

तिसरी पायरी: उंची

इथे घाई करू नका. मानेच्या आणि मनगटाच्या बऱ्याच तक्रारी याच पायरीतून निघतात.

बाजारातलं तयार टेबल २९ ते ३० इंच उंच असतं, डायनिंग टेबलही तेवढंच. आता स्वतःचं माप घ्या. खुर्चीवर असे बसा की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि मांड्या आडव्या राहतील. हात अंगालगत सैल सोडून कोपरात काटकोन करा. घरातल्या कोणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत टेप धरायला सांगा. जो आकडा येईल ती तुमच्या कीबोर्डची उंची. सव्वापाच फुटांच्या आसपासच्या माणसाला तो साधारण २४ ते २६ इंच येतो. म्हणजे तयार टेबल चार-पाच इंच जास्तच उंच. अशा टेबलावर टाईप करताना खांदे नकळत वर उचललेले राहतात, आणि संध्याकाळी मानेमागे जो दगड बसल्यासारखा वाटतो तो बहुतेकदा त्याचाच असतो.

यावर तीन मार्ग आहेत. टेबल लाकडी आणि चार पायांचं असेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. काम छोटं आहे, खर्च थोडा आहे, तरी लोक याला उगाच घाबरतात. टेबल भाड्याच्या घराचं किंवा लोखंडी असेल तर खाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवा. हेही नको असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट ठेवा. पाट घरात असतोच, आणि कमी पडला तर दोन पाट एकावर एक. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात.

आता स्क्रीन. तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. लॅपटॉपची अडचण अशी की कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना जोडलेले. हाताला सोयीचं केलं की मान वाकते, मानेला सोयीचं केलं की हात वर जातात. लॅपटॉप उंच ठेवून बाहेरचा कीबोर्ड आणि माउस जोडल्याशिवाय यातून सुटका नाही. वायरवाला साधा संच हजार रुपयांच्या आत मिळतो. उंचीसाठी महागडा स्टँड नसला तरी चालेल, पूजेच्या वेळीच माळ्यावरून निघणारा एखादा जुना चौरंग किंवा जाड फायलींचा गठ्ठा पुरतो. फक्त लॅपटॉपच्या तळाची हवेची भोकं बंद होऊ देऊ नका.

चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांनी हा नियम थोडा बदलावा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगात जवळचं दिसणारा भाग खाली असतो. स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून बघावं लागतं आणि मान मागे मोडते. अशांनी स्क्रीन दोन-तीन इंच खाली घ्यावी आणि वरून थोडी मागे कलती करावी. रोज स्क्रीनसमोर बसत असाल तर त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेण्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

खुर्चीबद्दल थोडक्यात. नवी आणि स्वस्त यापेक्षा जुनी आणि चांगली घ्या. ऑफिसं बंद होतात, जागा बदलतात, तेव्हा चांगल्या कंपन्यांच्या खुर्च्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत येतात. मुंबईत जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा बाजार त्यासाठी माहीत आहेच, आणि बहुतेक मोठ्या शहरांत अशी दुकानं सापडतात. घेताना पूर्ण वजन टाकून दोन-तीन मिनिटं बसा. खुर्ची हळूहळू खाली जात असेल तर तिचा गॅस लिफ्ट, म्हणजे उंची वरखाली करणारा दांडा, गेलेला आहे. मागे टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. सध्या प्लॅस्टिकची खुर्चीच असेल तर टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खोलगट भागात लावा, फरक पहिल्याच दिवशी कळतो.

चौथी पायरी: सगळं खाली, आणि लाल पेटी

आता टेबल पूर्ण रिकामं करा. खणही. सगळं सामान चादरीवर पसरा आणि टेबल पुसून घ्या.

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत ज्यांच्या घरचं कोणी कारखान्यात काम करतं त्यांना ‘फाइव्ह एस’ नवीन नाही. जपानी कारखान्यांतून आलेली ही पद्धत: नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, स्वच्छ करा, पद्धत ठरवा, ती पाळा. (कंपनीत याचं बक्षीस मिळवलेल्या माणसाच्या घरचा खण उघडून बघावा, असं मला नेहमी वाटतं.) तिच्यातली घरी सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे लाल टॅग. कारखान्यात एखादी वस्तू लागते की नाही याबद्दल शंका असेल तर तिला लाल चिठ्ठी लावून वेगळ्या जागी नेतात. ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही तर ती तिथून कायमची हलते.

घरी यासाठी एक खोकं घ्या, त्यावर लाल पेनाने आजची तारीख लिहा. चादरीवरची वस्तू उचलली आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ असं मनात आलं, की ती पेटीत. जुने मोबाईल चार्जर, कशाची ते आठवत नाही अशी वायर, लग्नात मिळालेलं पेनस्टँड, सुकलेली स्केचपेनं. पेटी पलंगाखाली ठेवा. महिन्याभरात जे काढून वापरलं ते परत आलं, उरलेल्यातलं चालू असेल ते कोणाला द्या, बंद वायरी आणि चार्जर ई-कचऱ्यात, बाकी भंगारवाल्याला. पेटी पुन्हा उघडून एकेक वस्तू न्याहाळत बसू नका. तसं केलंत तर निम्मं सामान परत टेबलावर येईल.

पाचवी पायरी: खडूची दोन वर्तुळं

खुर्चीत नीट बसा. उजवं कोपर बरगडीला टेकवा, हातात खडू धरा आणि कोपर न हलवता टेबलावर कमान काढा. मग हात पूर्ण लांब करून दुसरी कमान. डाव्या हातानेही तसंच. टेबलाचे तीन भाग दिसतील.

आतल्या कमानीत कीबोर्ड, माउस, वही आणि पेन. दिवसात दहा-वीसदा लागणाऱ्या वस्तू, बस. दोन कमानींच्या मध्ये दिवसातून चार-पाचदा लागणारं: फोनचा स्टँड, कॅल्क्युलेटर, पाण्याची बाटली, चालू कामाची एक फाईल. बाहेरच्या कमानीपलीकडे प्रिंटर, स्टेपलर, पंच, जाड संदर्भग्रंथ. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूला टेबलावर जागाच नाही, ती खणात किंवा कपाटात. स्वयंपाकघरात हे कोणाला शिकवावं लागत नाही: मिसळणाचा डबा शेगडीशेजारी असतो, कुरडयांचा डबा माळ्यावर. पाणी मात्र लॅपटॉपच्या विरुद्ध हाताला आणि झाकणाच्या बाटलीतच.

खणासाठी वेगळे कप्पे विकत घेऊ नका. मोबाईलची रिकामी खोकी, मिठाईचे पुठ्ठ्याचे बॉक्स कापून बसवा. आधी दोन-तीन आठवडे त्यावर चालवा, मापं पक्की झाली की हवं तर लाकडी करून घ्या.

सहावी पायरी: कागद

टेबलावरच्या पसाऱ्यात कागद सगळ्यात चिवट, कारण प्रत्येक कागद महत्त्वाचा वाटतो. एकच नियम पाळा: टेबलावर कागदांचा फक्त एक ट्रे, आणि त्यात ज्यावर काही करायचं बाकी आहे तेवढेच. भरायचं लाईट बिल, सही करायचा फॉर्म, शाळेला द्यायचं पत्र. काम झालं की कागद ट्रेमधून फायलीत किंवा रद्दीत.

खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विमा पॉलिसी हे कामाच्या टेबलावर येताच कामा नये. ते कपाटात, बॉक्स फाईलमध्ये, शक्यतो प्लॅस्टिकच्या पाकिटांत. घरपट्टी आणि मेंटेनन्सच्या पावत्या वर्षवार एका फायलीत. आयकराचे कागद किती वर्षं ठेवायचे ते तुमच्या सीएला विचारून घ्या आणि फायलीवर ‘अमुक सालापर्यंत ठेवणे’ असं लिहून टाका, म्हणजे पुढे फेकताना हात अडखळत नाही. एटीएमच्या आणि पेट्रोलपंपाच्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. वॉरंटीसाठी लागणारी अशी पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढा.

२०१५ पासून डिजिलॉकर आल्यामुळे आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीची गुणपत्रकं यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे बाळगायचं कारण उरलेलं नाही. एक भेद मात्र लक्षात ठेवा. संबंधित खात्याकडून थेट तिथे आलेला दाखला मूळ कागदासारखा ग्राह्य धरला जातो, तुम्ही स्कॅन करून चढवलेला नाही.

संगणकातल्या फायलींना नाव देताना तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ ही मालिका तिथेच थांबते.

सातवी पायरी: वायरी, वीज आणि पाऊस

भिंतीतलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. आपल्या २३० व्होल्टवर त्यातून साधारण १४०० वॉटच्या आत भार घ्यायचा. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, दिवा मिळून दीड-दोनशे वॉटच्या पुढे सहसा जात नाहीत, त्यामुळे त्यांना एक चांगला तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावायचा नाही, आणि एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन खोचायचं नाही. बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने लटकवा. फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि केर काढताना वायरी पायात येत नाहीत. प्रत्येक प्लगला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा, नाहीतर मॉनिटर काढायला जाऊन राउटर बंद पडतो.

वीज गेली तरी लॅपटॉप चालतो, राउटर मरतो. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाही. पुण्याच्या अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे, तिथल्यांनी महत्त्वाची मीटिंग त्या दिवशी घेताना आधी मेसेज बघावा. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतूनच काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, टेबल भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळते आणि भिंतीची ओल टेबलात उतरत नाही. खणात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या, पर्सच्या खोक्यांतून निघतात त्या जपून ठेवा. कागदांना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या चालतात, पण दिवसभर जवळ बसायच्या खणात नकोत, कपाटातच.

नवीन टेबल करून घेणार असाल तर पावसाचा विचार लाकूड निवडतानाच करा. तयार टेबलांत बहुधा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असते. तिची कड एकदा ओली झाली की फुगते आणि मग परत बसत नाही. आठ बाय चारचा प्लायचा एक पूर्ण तुकडा आणला तर चार बाय दोन फुटांचे चार माथे निघतात. एक तुमचा, एक मुलांच्या अभ्यासाचा, उरलेल्याचे कप्पे. १८ मिलिमीटर जाडी घ्या, सनमायका चकचकीत नको, मॅट घ्या, आणि कडा सगळ्या बाजूंनी बंद करून घ्या. भिंतीला घडीचं टेबल लावायचं असेल तर आधी भिंत कसली आहे ते बघा. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी प्लॅस्टिकची गिट्टी भार धरत नाही, त्यासाठीचे वेगळे अँकर लागतात.

आठवी पायरी: टेबल एकट्याचं नसेल तर

बऱ्याच घरांत नसतंच. सकाळी जेवणाचं, दिवसा ऑफिसचं, संध्याकाळी मुलांच्या गणिताचं. अशा वेळी प्रत्येकाचा एक खोलगट ट्रे किंवा टोपली करा. कीबोर्ड, माउस, वही, हेडफोन, चार्जर, सगळं त्यात. पाळी संपली की ट्रे उचलायचा आणि ठरलेल्या फळीवर ठेवायचा. दुसऱ्याच्या ट्रेमधलं पेन घ्यायचं नाही हा नियम मोठ्यांनाही लागू. खुर्चीची उंची प्रत्येकाची वेगळी, म्हणून खुर्चीच्या दांड्यावर ज्याच्या-त्याच्या रंगाची चिकटपट्टी लावून खूण करा.

कॉलच्या वेळा सकाळीच फ्रिजवर लिहून ठेवल्या की आई कुकर त्याआधी लावते, आणि पार्सलवाला आला तर दार कोणी उघडायचं हेही ठरतं. मोबाईलचं चार्जिंग टेबलापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या गोष्टीकडे २० सेकंद बघा असं सांगतात. आपल्या खोल्यांत वीस फूट सापडत नाहीत, तेव्हा खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघा.

रोजचं आणि वर्षाचं

काम संपल्यावर पाच मिनिटं: कप उचला, ट्रेमधले कागद बघा, उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून कीबोर्डवर ठेवा. शनिवारी कीबोर्ड उलटा करून झटका, स्क्रीन बंद करून कोरड्या मऊ कपड्याने पुसा. कॉलिन वगैरे थेट स्क्रीनवर फवारू नका. वर्षातून एकदा सगळं खाली काढायला खंडेनवमीचा दिवस बरा. कारखान्यांत त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून पुजली जातात, आपण लॅपटॉपला फूल वाहतोच, त्याआधी खण उपसायला हरकत नाही. टेपही तेव्हाच काढा. मुलं टेबल वापरत असतील तर वर्षात त्यांची मापं नक्की बदललेली असतात.

पैसे खर्च करायचे झाले तर माझा क्रम असा: आधी बाहेरचा कीबोर्ड आणि माउस, मग खुर्ची, मग टेबललॅम्प, मग राउटरचा यूपीएस, मग दुसरा मॉनिटर. टेबल त्यानंतर. उभं राहून काम करायचं वरखाली होणारं टेबल सगळ्यात शेवटी, आणि तेही आधी महिनाभर ओट्यावर लॅपटॉप ठेवून दिवसातला अर्धा-पाऊण तास उभं राहायला जमतंय का ते बघून.